नोकरी देतायत ना, मग?

गेल्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. एकदा सांगलीहून फोनवर, एकदा महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमधे चहाच्या रांगेत, एकदा माझ्याच घरात आणि एकदा, जरा सुधारलेल्या इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर. चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

झालं असं. लेस्टरमधल्या आमच्या एका मित्राची बायको, आपण वहिनीच म्हणू, गेली १४ वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समधे आहे. पुरवठादारांची बिलं तपासायची, जुळवायची, चुकती करायची. सकाळी साडेआठ ते साडेचार. वय ५२. घरी सासूबाई आहेत, त्यांना विस्मरणाचा आजार आहे आणि संध्याकाळ झाली की त्यांना मिरजेला जायचं असतं. दार उघडून निघतात. त्यामुळे पाचच्या आत वहिनी घरात हवीच, हे त्या घराचं वेळापत्रक.

कंपनीने हे अकाउंट्सचं काम पोलंडला हलवायचं ठरवलं. लेस्टरमधल्या नऊ खुर्च्या गेल्या. ठीक आहे, असं होतं, इथे राहणाऱ्या कुणालाही रिडंडन्सी हा शब्द समजावून सांगायला नको. पण वहिनीला नुसती रिडंडन्सी नाही मिळाली. तिला 'ऑफर' मिळाली. नॉटिंगहॅमच्या पलीकडे मोटरवेच्या कडेला त्यांचं एक प्रचंड गोदाम आहे, तिथे गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. पगार तोच. पाळी एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारी एक ते रात्री नऊ. वहिनी मोटरवेवर गाडी चालवत नाही. म्हणजे ट्रेन आणि मग बस, आणि रात्री नवानंतर ती बस आहे की नाही हे बघायचं काम अजून कुणी केलेलं नाही, कंपनीने तर नाहीच.

पत्रातलं महत्त्वाचं वाक्य असं: हे पद तुमच्यासाठी योग्य पर्यायी काम आहे असं कंपनी मानते, आणि तुम्ही ते सबळ कारणाशिवाय नाकारलंत तर रिडंडन्सीच्या पैशांवरचा तुमचा हक्क जाऊ शकतो. उत्तर सात दिवसांत.

वहिनीचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. "भावजी, नाही म्हटलं तर पैसे जाणार म्हणतायत. आणि हो म्हटलं तर आईंचं काय करू?" मागून मित्राचा आवाज, "अगं पण नोकरी देतायत ना, मग?"

आता त्या पत्रात खोटं एकही अक्षर नाही, हे मी आधीच सांगतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधे लागू असलेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६ च्या कलम १४१ मधे अगदी हेच लिहिलंय. जुनी नोकरी संपायच्या आत मालकाने योग्य अशी दुसरी नोकरी देऊ केली, ती जुनी संपल्यावर चार आठवड्यांच्या आत सुरू होणार असली, आणि तुम्ही ती अवाजवीपणे नाकारलीत, तर कायद्याने मिळणारी रिडंडन्सी गेली. पण पत्रात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते जास्त मोठं आहे. काम योग्य आहे का, हे ठरवणारी कंपनी नाही. वाद झाला तर ते एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल ठरवतं. काम योग्य होतं आणि तुमचा नकार अवाजवी होता, या दोन्ही गोष्टी सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. हे एक वाक्य त्या पत्रात असतं तर वहिनीचा आवाज कापला नसता. पण ते कुणी लिहीत नाही, कारण ते लिहायची सक्ती नाही. खेळाडूनेच शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात यावं आणि आपण त्यालाच पंच समजावं, असा हा प्रकार.

वहिनीचा हिशोब मी त्याच रात्री केला. वयाच्या ४१ नंतरच्या दर पूर्ण वर्षाला दीड आठवड्याचा पगार, २२ ते ४० मधल्या वर्षाला एक आठवडा, त्याआधीच्या वर्षाला अर्धा. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात. आठवड्याच्या पगारालाही मर्यादा आहे, एप्रिल २०२५ मधे ती ७१९ पौंड झाली, दर एप्रिलला थोडी सरकते. वहिनीची ११ वर्षं दीडच्या भावाने आणि तीन वर्षं एकच्या भावाने, एकूण साडेएकोणीस आठवडे. तिचा आठवड्याचा पगार ५६० पौंड. म्हणजे १०,९२० पौंड, आणि एवढ्या रकमेवर टॅक्सही नाही. एका 'हो' किंवा 'नाही'वर दहा हजार नऊशे वीस पौंड. सात दिवसांत सांगा.

माझं डोकं फिरण्याचं खरं कारण मात्र माझं स्वतःचं आहे. ते मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात मी मूर्ख ठरतो.

२०१४ साली मी एका कंपनीत (नाव जाऊ दे) सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे होतो. ११ वर्षं झाली होती, वय ४३. आमची टीम बंद झाली. मलाही असंच पत्र आलं, आणि सर्व्हिस डेस्कवरची जागा देऊ केली. पगार तोच. मला ते काम नको होतं, पण 'नाही' म्हणायची छाती नव्हती, घराचं कर्ज नुकतंच घेतलेलं. एच.आर.च्या बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या, चार आठवडे करून बघ, नाही जमलं तर सांग, तुझे पैसे कुठे जात नाहीत. आणि कायद्यात तशी सोय आहेच. नवीन काम जुन्यापेक्षा वेगळं असेल तर कलम १३८ प्रमाणे चार आठवड्यांचा चाचणीचा काळ मिळतो. त्या काळात तुम्ही सोडलंत तर जुन्या नोकरीवरूनच, जुन्याच कारणाने काढलं असं धरतात.

मी ८ डिसेंबरच्या सोमवारी सुरुवात केली. पहिला आठवडा स्लाइड्स बघण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात फोन घ्यायला लागलो. तिसऱ्यात दोन दिवस काम झालं आणि २४ तारखेपासून ऑफिस नाताळसाठी बंद, ते उघडलं ५ जानेवारीला. एकूण १२ दिवस मी ते काम केलं. पण सुट्टीत माझं ठरलं होतं. ५ तारखेला सकाळी नऊला गेलो आणि सांगितलं, मला हे जमणार नाही, मी रिडंडन्सी घेतो.

बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, तुझे चार आठवडे काल रविवारी संपले.

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन आठवडे तर ऑफिसला कुलूप होतं! घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं की माझ्या आधी एकाचं अगदी हेच झालं होतं. बेंटन विरुद्ध सँडरसन केसर हा १९८९ चा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल. त्याच्याही चाचणीच्या काळात नाताळची सुट्टी आली, कारखाना बंद होता, आणि कोर्टाने सांगितलं की चार आठवडे म्हणजे कॅलेंडरचे चार आठवडे, कामाचे नव्हेत. तो हरला. मी भांडायचा विचार केला, पण तेव्हा ट्रायब्युनलमधे जायलाच फी होती. २०१३ च्या जुलैमधे आणलेली. रिडंडन्सीच्या दाव्याला आधी १६० पौंड आणि सुनावणीचे २३०. म्हणजे अंगावर आलेल्या निकालाशी डोकं आपटायचे ३९० पौंड. सुप्रीम कोर्टाने २०१७ मधे ती फी बेकायदा ठरवली, माझ्यासाठी दोन वर्षं उशिरा. मी तीन महिने हेडफोन लावून लोकांचे पासवर्ड रिसेट केले आणि एप्रिलमधे राजीनामा दिला. बारा आठवड्यांचे पैसे, तेव्हाच्या ४६४ च्या मर्यादेने ५,५६८ पौंड, पाण्यात. अकरा वर्षांचा निरोप म्हणून एक कार्ड मिळालं. त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. असो.

तर माझं म्हणणं काय आहे? माझं म्हणणं असं की हा अपवादच मुळात चुकीच्या पायावर उभा आहे. रिडंडन्सीचे पैसे कशाचे असतात, हा प्रश्न विचारा. बेकारीत पोट भरायला दिलेले? तसं असतं तर ते वयाप्रमाणे आणि नोकरीच्या वर्षांप्रमाणे मोजले नसते, घरात खाणारी तोंडं किती यावर मोजले असते. हे पैसे १९६५ च्या रिडंडन्सी पेमेंट्स ॲक्टने आले, हॅरॉल्ड विल्सनचं मजूर पक्षाचं सरकार असताना. आणि चारच वर्षांनी, १९६९ मधे, लॉइड विरुद्ध ब्रेसी या खटल्यात लॉर्ड डेनिंगनी त्याचा अर्थ स्वच्छ सांगून ठेवलाय. लांब काळ नोकरी केलेल्या माणसाचा त्या नोकरीत एक हक्क साठत जातो, जवळजवळ मालमत्तेसारखा, आणि ती नोकरी गेली की त्या हक्काची भरपाई म्हणून हे पैसे. बेकारभत्ता नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याला दुसरीकडे नोकरी लागली तरी पूर्ण पैसे त्याचेच.

आता हे नीट बघा. वहिनीला उद्या शेजारच्या कंपनीत, घरापासून दहा मिनिटांवर, जास्त पगाराची नोकरी लागली (आणि ही कंपनी त्या कंपनीशी संबंधित नसली) तर १०,९२० पौंड तिचे. पण तिच्याच मालकाने २७ मैलांवरची, रात्री नऊपर्यंतची नोकरी पुढे केली आणि ती हिने नाकारली, तर कदाचित शून्य. मागच्या १४ वर्षांचे साठलेले पैसे, आणि ते मिळणार की नाही हे पुढच्या नोकरीला ती काय म्हणते यावर! आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याची जमीन रस्त्यात गेली आणि सरकार म्हणालं, मोबदला देतो, पण आम्ही दाखवतो ती दुसरी जमीन आवडली नाही तर मोबदलाही नाही, तर काय म्हणाल?

यावर एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. उत्तर असं की नवी नोकरी घेतली तर जुनी वर्षं कुठे जात नाहीत, ती तुमच्याबरोबर येतात. पुढे कधी रिडंडन्सी झालीच तर पहिल्या दिवसापासून मोजतील. मग नुकसान कुठे आहे? शिवाय ज्याला घरबसल्या तसंच काम मिळतंय त्याने ते झुगारून पैसे मागावेत, हे कुठल्या मालकाला परवडेल?

दुसरा भाग मला मान्य आहे. त्याच इमारतीत, त्याच पगारावर, मजला फक्त बदलला आणि बुवा रुसले, तर पैसे देऊ नका. पण पहिला भाग ज्याने लिहिला त्याने सर्व्हिस डेस्कवर एक दिवस बसून बघावं. वर्षं तुमच्याबरोबर येतात हे खरं, पण ती पिकतात फक्त एकाच वाटेने, पुन्हा रिडंडन्सी झाली तर. तुम्ही कंटाळून राजीनामा दिलात, वर्षं गेली. पन्नाशीला नवं काम जमेना आणि सहा महिन्यांनी 'कामगिरी असमाधानकारक' म्हणून काढलं, वर्षं गेली. चुकीच्या कामावर बसवलेला माणूस यापैकी एका दाराने बाहेर पडतोच, आणि दोन्ही दारांबाहेर पैसे नाहीत. मालक मुद्दाम असं करतो असं मी म्हणत नाही. (माझ्या बाईंनी मुद्दाम केलं का, याचा मी दहा वर्षं विचार करतोय, अजून ठरत नाही.) पण मुद्दाम न करताही त्याची बचत होते, आणि ज्यात बचत होते ती गोष्ट ऑफिसांत फार लवकर 'पॉलिसी' होते.

ही झाली तक्रार. पण वहिनीला तक्रार ऐकवून उपयोग नव्हता, तिला सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. म्हणून कायदा तिच्या बाजूने कुठे उभा आहे ते शोधलं, आणि खरं सांगतो, अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं.

दोन वेगवेगळे प्रश्न असतात. काम योग्य आहे का, हे जरा तटस्थपणे बघतात, पण 'कुणासाठी तरी योग्य' असं नाही, या माणसासाठी, त्याच्या हातातल्या कौशल्यासाठी योग्य. केंटमधल्या एका हेडमास्तरांची केस आहे, टेलर विरुद्ध केंट काउंटी कौन्सिल, १९६९. मुलांची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, हेडमास्तरांची जागा गेली. कौन्सिलने त्यांना फिरत्या शिक्षकांच्या ताफ्यात घ्यायची तयारी दाखवली. जिथे शिक्षक कमी तिथे पाठवणार, पगार मात्र हेडमास्तरचाच. खालच्या ट्रायब्युनलला यात काही वावगं दिसलं नाही. वरच्या कोर्टात लॉर्ड पार्करनी ते उलटवलं. पगार तोच असला म्हणून काम योग्य होत नाही, हेडमास्तरला बदली शिक्षक करणं हे तोडीचं काम नव्हे. हे वाचताना मला आमचे शाळेतले मुख्याध्यापक आठवले. हातात छडी, डोक्यावर काळी टोपी. त्यांना कुणी सांगितलं असतं की सोमवारी तासगाव, मंगळवारी विटा, पगार तोच... कल्पनाच करवत नाही.

दुसरा प्रश्न, नकार वाजवी होता का, हा मात्र त्या माणसाच्या जागी उभं राहून बघतात. इथे मला खाटकाची केस फार आवडते. केंब्रिजच्या सहकारी सोसायटीचं मटणाचं दुकान होतं, त्याचा मॅनेजर रूस नावाचा. दुकान बंद झालं. सोसायटीने मोठ्या स्टोअरमधल्या मटण विभागाचं मॅनेजरपद देऊ केलं. कागदावर बघाल तर तेच काम, तोच सुरा. पण आधी अख्खं दुकान त्याचं होतं, आता वर स्टोअर मॅनेजर बसणार. तो म्हणाला, माझी पत कमी होते. १९९३ चा निकाल असा की काम योग्य असू शकतं आणि तरीही नकार वाजवी असू शकतो, कारण त्या माणसाला त्यात कमीपणा वाटणं समजण्यासारखं आहे. पैसे त्याला मिळाले. एका खाटकाच्या स्वाभिमानाला कायद्याच्या पुस्तकात जागा आहे, हे मला या देशात राहून २० वर्षांनी कळलं.

प्रवास, पाळीच्या वेळा, घरातलं आजारपण, म्हातारी माणसं हे सगळं या दुसऱ्या प्रश्नात येतं. म्हणजे सासूबाईंचं संध्याकाळी मिरजेला निघणं हे कायद्याच्या भाषेत कारण आहे. फक्त ते लिहून द्यायला हवं, आणि वेळेत. वहिनीचा सगळ्यात मोठा अडथळा हाच होता. "घरातलं असं ऑफिसात कशाला सांगायचं भावजी, बरं दिसतं का?" चौदा वर्षांत तिने सासूबाईंच्या आजाराचा एक शब्द ऑफिसात काढलेला नाही. आपल्या बायका (आणि पुरुषही) घरची अडचण ही लाज असल्यासारखी झाकतात, आणि पत्राला उत्तर म्हणून एका ओळीत 'मला हे पद नको' एवढंच लिहून मोकळे होतात. कारण न सांगितलेला नकार मालकाच्या वकिलाला किती गोड लागत असेल!

सांगलीच्या मामांनी फोनवर भारतातला दाखला दिला, म्हणून तोही बघितला. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशीच एक अट होती, ले-ऑफच्या भरपाईसाठी. दिलेलं पर्यायी काम कामगाराने नाकारलं तर भरपाई नाही. पण तिथे काम त्याच गावात किंवा पाच मैलांच्या आत हवं आणि मजुरी तीच हवी, असा चक्क आकडा घातलेला होता. वाचून छाती फुगली. पुढच्याच शब्दांना उतरली, कारण त्या कामाला खास कौशल्य लागत नाही आणि कामगाराला ते जमेल, हे 'मालकाच्या मते' ठरायचं होतं! तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत विरघळला. पण मला दोन्हीकडचं अर्धं अर्धं हवंय. मैलांचा आकडा तिकडचा आणि निवाडा करणारा इकडचा. आणि चाचणीचे दिवस मोजताना कुलूप लागलेले दिवस सोडून मोजायला कुणाचं काय जातंय, तेही एकदा सांगावं.

स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांना तर हा हक्क असून नसल्यासारखा. आधी दोन वर्षं नोकरी झालेली हवी. त्यात व्हिसा त्या कंपनीला आणि त्या कामाच्या कोडला बांधलेला. पर्यायी काम दुसऱ्या कोडमधलं असेल तर नवा व्हिसा अर्ज करावा लागतो. काम नाकारून नोकरी सुटली तर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर निघा. पुण्याच्या एका मुलाने मला विचारलं होतं, काका, वाजवी नकार म्हणजे काय? मी त्याला काय सांगू? ज्याला नकारच देता येत नाही त्याचा नकार वाजवी की अवाजवी, हा प्रश्न कुठल्याच ट्रायब्युनलपुढे येत नाही.

वहिनीला मी सुचवलं की सरळ नकार लिही, कारणांसकट. बसचं वेळापत्रक जोड, सासूबाईंच्या डॉक्टरचं पत्र जोड, आणि शेवटी लिही की तरीही पैसे नाकारलेत तर मी ॲकासकडे जाईन. (ट्रायब्युनलच्या आधी ॲकासला कळवावंच लागतं, पैसे लागत नाहीत, आणि रिडंडन्सीच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे.) कंपनीची स्वतःची जास्तीची रिडंडन्सी योजना असेल तर तिचे नियम वेगळे, तेही मागवून घे म्हणालो.

तिने ऐकलं आणि निम्मंच केलं. कारणांचं पत्र लिहिलं, स्वतःच्या इंग्रजीत, माझा मसुदा बाजूला ठेवून. सासूबाईंबद्दल तीन ओळी लिहिल्या, बसबद्दल दोन. पण नकार नाही दिला. म्हणाली, "करून बघते. चार आठवडे हे रजा घेतील संध्याकाळची. न बघताच नाही म्हटलं असं उद्या कुणी म्हणायला नको." मी सांगितलं की चाचणीत सोडलं म्हणून पैसे आपोआप मिळत नाहीत, सोडणं अवाजवी होतं असं ठरलं तर तेव्हाही जातात. म्हणाली, "ठाऊक आहे, तुम्हीच मघाशी सांगितलंत." हेही सांगितलं की मुदत वाढवून घ्यायची तर फक्त नव्या प्रशिक्षणासाठी मिळते आणि तेही सुरू करण्याआधी लेखी, शेवटच्या तारखेसकट. ते तिने पत्रात घातलं. कंपनीचं उत्तर आलं, वाढ नाही, चारच आठवडे.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलंय. ती येत्या सोमवारी जाणार. त्या सोमवारपासून दर दिवसाखाली पेन्सिलने आकडे घातलेत, एक, दोन, तीन, शनिवार-रविवारसकट. अठ्ठावीस कुठे येतो ते बघितलं तर रविवार. त्याच्या अलीकडच्या बुधवारी लाल गोल होता. मी विचारलं, शुक्रवार का नाही? म्हणाली, "शुक्रवारी त्यांच्या एच.आर.चं ऑफिस दुपारी बंद होतं. मी फोन करून विचारून घेतलंय."